परतीची वाट संपते त्या ओळीविषयी

लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मूळ कोडमध्ये फाइल सिस्टिमचा जो विभाग आहे, त्यात ‘एक्झेक.सी’ नावाची एक फाइल आहे. ती सुमारे दोन हजार ओळींची आहे आणि कर्नेलच्या कोट्यवधी ओळींच्या पसाऱ्यात चटकन नजरेत भरत नाही. पण टर्मिनलवर टाइप केलेली आज्ञा असो, सर्व्हरवर रात्री आपोआप चालणारे काम असो, किंवा संगणक सुरू होताना कर्नेल स्वतः चालवतो तो पहिला ‘इनिट’ प्रोग्रॅम असो, नवा प्रोग्रॅम उभा राहायचा तर त्याला याच फाइलमधून जावे लागते. गेली काही वर्षे ही फाइल आणि तिच्यात होत गेलेले बदल मी सवडीने वाचत आलो आहे. कर्नेल लिहिणे हा माझा व्यवसाय नाही. सर्व्हर सांभाळणे आणि त्यांच्यासाठी लहानमोठी साधने लिहिणे हे माझे काम. तरीही जुना कोड नीट कसा करावा, याविषयी मला जे काही उमगले आहे, त्यातला मोठा वाटा या एका फाइलचा आहे.

युनिक्सच्या परंपरेत नवा प्रोग्रॅम दोन पायऱ्यांत सुरू होतो. आधी ‘फोर्क’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नेलकडे केलेली मागणी, चालू प्रोसेसची (चालत असलेल्या प्रोग्रॅमची) हुबेहूब प्रत तयार करतो, आणि मग ती प्रत ‘एक्झेकव्हीई’ (थोडक्यात एक्झेक) हा सिस्टिम कॉल करून स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्रॅम बसवून घेते. घराचा क्रमांक तोच, विजेचे मीटर तेच, पण आतला भाडेकरू सामानासकट बदलला, असा हा प्रकार आहे. प्रोसेसचा क्रमांक बदलत नाही, तिचा पालक बदलत नाही, आणि बंद करायची खूण न केलेल्या उघड्या फाइली तशाच उघड्या राहतात. मात्र मेमरीतला सगळा ऐवज, सिग्नल (प्रोसेसला पाठवलेल्या सूचना) हाताळण्याची व्यवस्था, त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे सोबतचे सगळे थ्रेड आणि प्रसंगी अधिकारसुद्धा बदलतात. हा कॉल यशस्वी झाला तर तो कधीच परतत नाही, कारण ज्या प्रोग्रॅमने तो केला तो प्रोग्रॅमच उरलेला नसतो. परत येतो तो फक्त अयशस्वी कॉल. या साध्या वाटणाऱ्या नियमातच पुढची सगळी गुंतागुंत दडलेली आहे.

प्रारंभी हे काम कर्नेलकडे नव्हतेच. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 या यंत्रावर युनिक्सची पहिली आवृत्ती घडत होती तेव्हा फोर्कसाठी असेंब्लीच्या अवघ्या 27 ओळी पुरल्या होत्या, आणि एक्झेक नावाचा वेगळा कॉल अस्तित्वात नव्हता. नवा प्रोग्रॅम फाइलमधून वाचून मेमरीत आणण्याचे काम शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, स्वतःच करत असे. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी ही हकीकत नंतर लिहून ठेवली आहे. पुढे हे काम कर्नेलमध्ये गेले आणि तिथे त्याला एकेक जबाबदारी चिकटत गेली. 1980 च्या सुमारास ‘#!’ या खुणेने सुरू होणाऱ्या स्क्रिप्ट थेट चालवण्याची सोय आली. मग फाइलवरच्या खुणेनुसार चालवणाऱ्याला मालकाचे अधिकार देणे, कित्येक थ्रेडपैकी एकानेच एक्झेक केले तर बाकीच्यांची विल्हेवाट लावणे, डिबगर (चालू प्रोग्रॅम आतून तपासणारे साधन), सुरक्षा मॉड्यूल, मेमरीचे पत्ते यादृच्छिक करणे, असे करत करत कर्नेलमधल्या जवळजवळ प्रत्येक उपव्यवस्थेचा एक धागा इथून जाऊ लागला.

लिनक्सच्या या फाइलच्या माथ्यावर दोन जुन्या टिपणी आजही आहेत, आणि त्या मला मनापासून आवडतात. पहिली 1 डिसेंबर 1991 ची आहे. तोवर प्रोग्रॅम सुरू होण्याआधी तो अख्खा मेमरीत वाचला जाई. त्या दिवशी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फक्त शीर्षक वाचून बाकीचा भाग लागेल तसा आणण्याची सोय केली, आणि हा बदल दोन तासांच्या आत पूर्ण झाला हे अभिमानाने नोंदवून ठेवले. दुसरी टिपणी जुलै 1993 ची. एरिक यंगडेल यांच्या बदलानंतर कर्नेल वेगवेगळ्या स्वरूपांच्या फाइली ओळखू लागला: हाताशी असलेल्या प्रत्येक स्वरूपाच्या हाताळणाऱ्याला विचारायचे, कोणीतरी ‘ही माझी’ म्हणेपर्यंत किंवा यादी संपेपर्यंत. दोन तासांत होणारा बदल आणि कित्येक वर्षे कोणाला हात लावायला न धजावणारा कोड यांच्यातले अंतर याच फाइलने कापलेले आहे, आणि या दोन टिपणी त्या अंतराच्या सुरुवातीला उभ्या आहेत.

मी या फाइलकडे वळलो ते एका किरकोळ कोड्यामुळे. एका सहकाऱ्याने विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर चालेना. डोळ्यांसमोर ती फाइल दिसत होती, चालवण्याची परवानगीही होती, आणि यंत्र मात्र ‘अशी फाइलच नाही’ असे सांगत होते. स्क्रिप्ट हाताळणारा कर्नेलचा कोड उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. कर्नेल फाइलच्या पहिल्या ओळीतून इंटरप्रिटरचा, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता उचलतो. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते, आणि कर्नेल ते पत्त्याचाच भाग समजतो. सापडत नव्हती ती स्क्रिप्ट नव्हे, तर शेपटीला ते चिन्ह लागलेल्या नावाचा शेल. प्रश्न सुटला, पण कोड उघडा राहिला, आणि मी पुढे वाचत गेलो.

वाचताना सर्वांत आधी जाणवते ती क्रमाची कठोरता. फाइल उघडायची आणि ती चालवायची परवानगी आहे ना ते पाहायचे. नव्या प्रोग्रॅमसाठी एक रिकामी मेमरी तयार करायची, तिच्या माथ्याशी तात्पुरता स्टॅक उभारायचा, आणि प्रोग्रॅमचे आर्ग्युमेंट (आज्ञेसोबत दिलेले शब्द) व पर्यावरणाच्या ओळी (सोबत दिलेली सेटिंग) जुन्या मेमरीतून तिथे नेऊन ठेवायच्या. फाइलचे पहिले 256 बाइट वाचून तिचे स्वरूप ओळखायचे. ती स्क्रिप्ट असेल तर इंटरप्रिटरकडे वळायचे. आजचे नेहमीचे ‘एल्फ’ स्वरूप असेल तर त्याची शीर्षके तपासायची आणि डायनॅमिक लोडर (लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा प्रोग्रॅम) लागणार असेल तर तोही उघडून ठेवायचा. इथपर्यंत काहीही बिघडले तरी चालते. तयार केलेले सामान टाकून द्यायचे, त्रुटीचा क्रमांक हाती ठेवायचा, आणि जुना प्रोग्रॅम जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू लागतो.

यानंतर मात्र एक उंबरठा येतो. बाकीचे थ्रेड मारले जातात. एक्झेक करणारा थ्रेड मुख्य नसेल तर तो मुख्य थ्रेडचा क्रमांक स्वतःकडे घेतो. जुनी मेमरी सोडून दिली जाते आणि नवी लागू होते. सिग्नलची जुनी व्यवस्था पुसली जाते, खूण केलेल्या फाइली बंद होतात, नवे अधिकार अंगावर चढतात. यातले काहीही उलटवता येत नाही. या उंबरठ्यापलीकडे काही बिघडले, समजा डिस्कने मध्येच दगा दिला, तर त्रुटी कळवायला जुना प्रोग्रॅम उरलेला नसतो आणि नवा अजून उभा राहिलेला नसतो. अशा वेळी कर्नेलपाशी एकच प्रामाणिक मार्ग उरतो, तो म्हणजे ती प्रोसेस ठार करणे.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, इतका महत्त्वाचा उंबरठा कोडमध्ये वर्षानुवर्षे स्पष्टपणे लिहिलेलाच नव्हता. तो ओलांडला गेला की नाही हे कर्नेल आडवळणाने ओळखत असे. एक्झेकच्या कामापुरत्या माहितीच्या साठ्यात नव्या मेमरीकडे बोट दाखवणारा एक पॉइंटर असतो; ती मेमरी प्रोसेसला लागू केली की तो रिकामा केला जाई, आणि पुढे त्रुटी आली तर ‘तो पॉइंटर रिकामा आहे का’ एवढे पाहून प्रोसेस मारायची की परत पाठवायची हे ठरे. अनुमान बरोबरच होते, पण ते अनुमान होते. ज्याला हे माहीत नाही असा माणूस त्या पॉइंटरशी संबंधित एखादी ओळ इकडची तिकडे करता, तर त्याच्या लक्षातही आले नसते की त्याने परतीच्या वाटेची सीमा हलवली आहे.

2020 साली कर्नेलचे एक विकासक एरिक बीडरमन यांनी या भागाच्या सफाईचे काम सलग हाती घेतले. त्यांचे पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे छोटे तुकडे, मी क्रमाने वाचले आहेत, आणि माझ्या मते चांगल्या सफाईचा तो वस्तुपाठ आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या लिनक्स 5.8 मध्ये त्यांतले बरेचसे समाविष्ट झाले. उंबरठ्यासाठी आता स्वतंत्र खूण आली, आणि तिचे नावच ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ असे ठेवले गेले. ती कुठे उठवायची याचाही विचार झाला. मेमरी बदलताना नव्हे, तर त्याहून आधी, बाकीचे थ्रेड मारायला घेण्यापूर्वीच ती उठवली गेली. त्या घडीला वागणुकीत प्रत्यक्ष फरक काही पडत नव्हता. पण पुढे कोणी मधल्या जागेत नवे काम घातले तर त्यातली त्रुटी कशी परतवायची याची चिंता त्याला करावी लागणार नव्हती. आज काहीही न बदलणारा आणि उद्याची चूक आधीच अडवणारा असा बदल लिहायला वेगळ्या प्रकारची शिस्त लागते, आणि ती मला मोठी वाटते.

उंबरठा ज्या फंक्शनमध्ये ओलांडला जातो त्याचे नावही तेव्हाच बदलले. ते पूर्वी ‘फ्लश ओल्ड एक्झेक’ होते, म्हणजे जुने झाडून टाकणारे. आता ते ‘बिगिन न्यू एक्झेक’ आहे, नव्याचा आरंभ करणारे. हा बदल वरवरचा वाटू शकतो. पण जुन्या नावामुळे वाचणाऱ्याला ते फंक्शन आवराआवरीचे वाटे, आणि आवराआवरी साधारणपणे निरुपद्रवी असते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्या फंक्शनमध्ये शिरणे हाच निर्णय होता. नव्या नावाने तो निर्णय जिथे घेतला जातो तिथेच दिसू लागला.

त्याहून मोठे काम होते ते विखुरलेल्या पायऱ्या एकत्र आणण्याचे. जुन्या रचनेत प्रत्येक स्वरूपाचा हाताळणारा, मग तो एल्फचा असो, जुन्या ‘ए.आउट’चा असो की मेमरी व्यवस्थापनाविना चालणाऱ्या छोट्या यंत्रांसाठीच्या ‘फ्लॅट’ स्वरूपाचा असो, तीन फंक्शने स्वतः हाक मारून चालवत असे: जुने झाडणे, नव्याची मांडणी करणे आणि अधिकार लागू करणे. तिन्हींचा क्रम सगळीकडे सारखा असावा अशी अपेक्षा होती, पण तो पाळला जाईलच याची हमी कोडमध्ये कुठेच नव्हती, आणि अधिकार लागू करण्याची पायरी खरोखरच वेगवेगळ्या हाताळणाऱ्यांत वेगवेगळ्या जागी गेलेली होती. बीडरमन यांनी ही फंक्शने घाईने एकत्र केली नाहीत. आधी वेगळ्या पॅचमध्ये त्यांनी बाकीच्या हाताळणाऱ्यांतला क्रम एल्फच्या क्रमाशी जुळवून घेतला. सगळीकडे त्या ओळी शेजारीशेजारी आल्यावर मग पुढच्या पॅचमध्ये त्या एकात मिसळल्या. पहिला पॅच तपासणाऱ्याला एवढेच पाहायचे होते की ही ओळ अलीकडे आणल्याने काही बिघडते का; दुसरा तपासताना तर विचार करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. एकाच पॅचमध्ये दोन्ही केले असते तर ओळी कमी लागल्या असत्या, पण खात्री कोणालाच देता आली नसती.

स्क्रिप्टच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. स्क्रिप्ट सापडली की तिचा हाताळणारा, ज्या फंक्शनने त्याला हाक मारली त्याच शोधणाऱ्या फंक्शनला पुन्हा हाक मारी, आता इंटरप्रिटरची फाइल घेऊन. इंटरप्रिटर स्वतःच स्क्रिप्ट निघाला तर पुन्हा तेच. हे एकात एक शिरणे मर्यादित होते, मोजक्या पायऱ्यांनंतर कर्नेल नकार देई. तरी त्रुटी कोणत्या पातळीवरून आली आणि ती कोणी निस्तरायची, हे वाचून कळणे कठीण होते. नव्या रचनेत हाताळणारा फक्त सांगतो की ‘ही फाइल नव्हे, आता ती पाहा’, आणि बाहेरचे एक साधे चक्र पुढची फाइल घेते.

याच ठिकाणी एक खरा दोष उजेडात आला, आणि मला तो सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. फाइलवर मालकाचे अधिकार देणारी ‘सेटयूआयडी’ खूण असली तरी स्क्रिप्टच्या बाबतीत लिनक्स ती मानत नाही, कारण कर्नेलने स्क्रिप्ट पाहणे आणि इंटरप्रिटरने ती पुन्हा उघडणे यांच्या मधल्या क्षणात फाइल बदलता येते. पण जुना कोड अधिकारांचा हिशेब प्रत्येक पायरीवर करत असे: आधी स्क्रिप्टसाठी, मग इंटरप्रिटरसाठी, आणि दुसरा हिशेब पहिल्याला झाकून टाकेल या भरवशावर. एक रकाना मात्र झाकला जात नव्हता. कॅपॅबिलिटी नावाच्या सुट्यासुट्या अधिकारांपैकी ‘अँबियंट’ संच, म्हणजे एक्झेकनंतरही टिकून राहणारा संच, स्क्रिप्टवर ती खूण दिसताच रिकामा केला जाई आणि इंटरप्रिटरच्या पाळीला पुन्हा पहिल्यासारखा होत नसे. परिणामी, जी खूण मानायचीच नाही असे ठरलेले होते, तिच्यामुळे इंटरप्रिटरला हक्काचे अधिकार मिळत नसत. आधी तेवढा दोष दुरुस्त झाला, आणि मग त्याचे मूळच काढले गेले: आता फाइलवर अवलंबून असणारे अधिकार एकदाच मोजले जातात, शेवटी जी फाइल खरोखर चालणार तिच्यावरूनच. हा दोष कोणी दोष शोधायला निघाला म्हणून सापडला नाही. एकच काम दोनदा का होते आहे, असा प्रश्न सफाई करणाऱ्याने विचारला म्हणून सापडला.

त्याच सुमारास, 5.7 या आवृत्तीत, एका जुन्या अडवणुकीवरही काम झाले. एक्झेक सुरू असताना प्रोसेसच्या अधिकारांकडे कोणी अर्धवट अवस्थेत पाहू नये म्हणून एक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, घेतले जाई, आणि ते अगदी सुरुवातीपासून नवे अधिकार लागू होईपर्यंत धरून ठेवले जाई. मध्ये बाकीचे थ्रेड मरण्याची वाट पाहावी लागे. आता त्यातला एखादा थ्रेड डिबगरच्या ताब्यात असेल तर तो पूर्णपणे जाण्यासाठी डिबगरने काहीतरी करणे आवश्यक असते. आणि डिबगर नेमका त्याच लॉकसाठी खोळंबलेला असू शकतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात. बर्न्ड एडलिंगर आणि बीडरमन यांच्या पॅचांनी दुसरे, छोट्या मुदतीचे लॉक आणले, जे बाकीचे थ्रेड गेल्यानंतरच घेतले जाते, म्हणजे बाहेरच्या कोणाची वाट पाहणे शिल्लक नसते तेव्हा. ज्यांना केवळ मेमरी आणि अधिकार यांची जुळणी एकसंध हवी होती, त्या बऱ्याचशा ठिकाणांना या नव्या लॉकवर नेले गेले, आणि पुढे 5.11 मध्ये त्याचे रूपांतर अशा लॉकमध्ये झाले की जे नुसते पाहणाऱ्या अनेकांना एकाच वेळी मिळू शकते.

हे सगळे घराच्या आतले झाले. लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला बाहेरून दिसणारी वागणूक मोडायची नाही, असा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे, आणि एक्झेकच्या बाबतीत त्याची कसोटी विलक्षण वेळा लागते, कारण आत काय आणि बाहेर काय हे आधीपासून कोणालाच नक्की सांगता येत नाही.

2019 चे उदाहरण घ्या. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीसाठी कर्नेल तेव्हा 128 बाइट राखून ठेवत असे, आणि ओळ त्याहून लांब असेल तर ती गुपचूप कापत असे. कापलेला पत्ता वापरून भलताच प्रोग्रॅम चालवणे धोक्याचे आहे, म्हणून ओलेग नेस्तेरोव्ह यांनी अशा ओळींना सरळ नकार देणारा बदल केला. विचार अगदी योग्य होता. पण निक्सओएस या लिनक्सच्या एका वितरणात पर्ल या भाषेतल्या स्क्रिप्टची पहिली ओळ लांबच लांब असते, कारण तिथे प्रत्येक लायब्ररीचा पत्ता मोठा असतो आणि तो त्या ओळीतच पर्याय म्हणून लिहिलेला असतो. कर्नेलने ती कापली तरी आजवर अडत नव्हते, कारण पर्ल स्वतः फाइल उघडते आणि पहिली ओळ पुन्हा पूर्ण वाचते. नकार येऊ लागताच या सगळ्या स्क्रिप्ट बंद पडल्या. फेब्रुवारीत टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागे घेतला, आणि मग केस कुक यांनी तो अधिक बारकाईने पुन्हा केला: इंटरप्रिटरचा पत्ताच कापला जात असेल तर नकार, नुसते पर्याय कापले जात असतील तर पूर्वीप्रमाणे चालू द्यायचे. राखीव जागाही दुप्पट होऊन 256 बाइट झाली. मला यातली तडजोड खटकत नाही. पत्ता आणि पर्याय यांच्यातला फरक हाच खरा फरक होता, आणि निक्सओएसच्या वापरकर्त्यांची अडचण झाली नसती तर तो कोणाच्या ध्यानात आला नसता.

2024 मध्ये तसेच काहीसे पुन्हा घडले. चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल कोणी लिहिण्यासाठी उघडू पाहिली तर युनिक्स फार पूर्वीपासून नकार देते. आजच्या काळात हे संरक्षण अर्धवटच आहे, कारण लायब्ररींना ते लागू होत नाही, आणि त्यासाठी एक्झेकच्या वाटेवर मोजणीचा अवघड कोड सांभाळावा लागतो. म्हणून 6.11 मध्ये तो नकार काढून टाकण्यात आला. काही महिन्यांतच मोल्ड या लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडून चालवण्याजोगी फाइल बनवणाऱ्या साधनाच्या) लेखकाने कळवले की त्याचा लिंकर वेगासाठी जुन्याच फाइलवर लिहिण्याचा प्रयत्न करतो, नकार आला तर नवी फाइल बनवतो. आता नकारच येत नसल्याने चालू प्रोग्रॅमच्या फाइलवर लिहिले जाते आणि तो कोसळतो. बदल मागे घेतला गेला आणि अवघड मोजणी परत आली. ती मोजणी आता पूर्वीपेक्षा सुंदर दिसते असे नाही, पण ती कोणासाठी आहे हे आता ठाऊक आहे.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. एक्झेकव्हीईला आर्ग्युमेंटची रिकामी यादी देणे लिनक्समध्ये चालत असे. प्रत्येक प्रोग्रॅम मात्र यादीत पहिले नाव, म्हणजे त्याचे स्वतःचे, असणारच असे धरून लिहिलेला असतो. मायकेल केरिस्क यांनी 2008 मध्येच याकडे लक्ष वेधले होते, पण तेव्हा बदलावर एकमत झाले नाही. 25 जानेवारी 2022 रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने, वाढीव अधिकारांनी दुसरे प्रोग्रॅम चालवू देणाऱ्या ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रॅममधला दोष जाहीर केला. 2009 पासून असलेल्या त्या दोषामुळे यंत्रावरचा कोणताही साधा वापरकर्ता रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळवू शकत होता. पीकेएक्झेक यादीतल्या दुसऱ्या नावापासून वाचायला सुरुवात करे. यादी रिकामी असेल तर स्टॅकवर लगतच असलेल्या पर्यावरणाच्या ओळी त्याला आर्ग्युमेंट वाटत, आणि तो त्यांवर लिहूनही टाके. ओपनबीएसडी या युनिक्सच्याच वंशातल्या दुसऱ्या सिस्टिममध्ये अशी रिकामी यादी आधीच नाकारली जात असे. लिनक्सला सरसकट नकार देता येईना, कारण रिकामी यादी देणारे काही प्रोग्रॅम आणि चाचण्या आधीपासून होत्या. म्हणून 5.18 मध्ये मधला मार्ग निघाला: यादी रिकामी असेल तर कर्नेल तिच्यात एक कोरी ओळ घालतो आणि लॉगमध्ये तशी सूचना देतो. देणाऱ्याचे काम अडत नाही, आणि घेणाऱ्याचे गृहीत खरे ठरते. 2008 मध्ये हे झाले असते तर बरे झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मोडू नये या नियमाच्या आड काही वेळा ज्याची खरोखर भीती बाळगायला हवी तीच गोष्ट लपते.

जुने काढून टाकणे तुलनेने सोपे असते, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून सगळे एल्फकडे वळले होते, तरी ए.आउटचा हाताळणारा 2022 च्या अखेरीस आलेल्या 6.1 पर्यंत कर्नेलमध्ये राहिला.

क्रमाचा प्रश्न मात्र पुन:पुन्हा समोर येतो. 2024 मध्येच आणखी एक फट बुजवली गेली. चालवण्याची परवानगी फाइल उघडताना तपासली जाते आणि सेटयूआयडीची खूण बरीच नंतर वाचली जाते. व्यवस्थापकाने नेमक्या मधल्या क्षणी फाइल सर्वांसाठी बंद करून तिच्यावर ती खूण चढवली, तर आधी आत आलेल्या परक्याला नंतरचे अधिकार मिळू शकत. आता खूण वाचतानाच परवानगी पुन्हा तपासली जाते. दोन ओळी एकमेकींपासून किती दूर आहेत, हा इथे सुरक्षेचा प्रश्न होता.

आणि डिबगरचे ते जुने लॉक पूर्णपणे गेलेले नाही. 2020 च्या कामाने बहुतेकांना छोट्या मुदतीच्या लॉकवर नेले, पण चालू प्रोसेसला डिबगर नव्याने जोडण्याची वाट अजून मोठ्या लॉकमधूनच जाते. डिबगर जोडला गेला असताना वाढीव अधिकार द्यायचे की नाही, हे एक्झेकला ठरवावे लागते, आणि ते ठरत असताना मध्येच नवा डिबगर येऊ देता येत नाही. त्यामुळे नुसते लॉक बदलून भागत नाही. हा निर्णयच बाकीचे थ्रेड गेल्यानंतरच्या जागी कसा न्यायचा, आणि तो तिथे नेल्यावर नकार द्यायची वेळ आली तर परतीची वाट आधीच संपलेली असेल त्याचे काय करायचे, हे आधी सोडवावे लागेल. यावरचे पॅच एडलिंगर यांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा सुधारून पाठवले आहेत, आणि ते आले की मी बाकीचे वाचन बाजूला ठेवून तेच आधी उघडतो.